जुन्या संगणकांची कवचे आणि गोंदाची निवड

जुन्या संगणकाचे कवच तडकले, कोपरा निखळला, आतला स्क्रूचा खांब मोडला, की पहिला प्रश्न येतो तो गोंदाचा. त्याचे उत्तर गोंदाच्या ट्यूबवर छापलेले नसते. कोणते प्लॅस्टिक तुटले आहे आणि ते यंत्र यापुढे कोणत्या हवेत राहणार आहे, या दोन गोष्टींवरून गोंद ठरतो. पहिल्या गोष्टीबद्दल भरपूर लिहिले गेले आहे. दुसरीकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही, कारण या विषयावरचे बहुतेक लेखन थंड देशांत झाले आहे आणि तिथे खोलीचे तापमान वर्षभर २० ते २५ अंशांच्या आसपास धरलेले असते. वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातल्या केनवडला मे महिन्यात पारा ४२ अंशांवर चढतो, पत्र्याच्या छपराखाली तर त्याहून पुष्कळ वर. आषाढ-श्रावणात भिंतींना ओल धरते आणि पौषात पहाटे अंगावर काटा येतो. एकाच यंत्राला वर्षभरात हे तिन्ही सोसावे लागते. तिकडे उत्तम ठरलेला गोंद इथे वाहू लागतो किंवा पांढरा पडतो, तर कधी लावण्याआधीच उडून जातो.

संग्राहकांच्या जगात जुना संगणक म्हटले की १९८२ सालचे कमोडोर ६४ आणि झेडएक्स स्पेक्ट्रम किंवा १९८४ सालचा मॅकिंटॉश डोळ्यांपुढे येतो. भारतात ही यंत्रे मोजक्याच घरांत पोहोचली. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळू लागले. अशी सुमारे १२,००० यंत्रे राज्य सरकारांमार्फत देशभरातल्या शाळांत वाटली गेली. १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ बाजारात आणला. गावपातळीवर संगणक दिसू लागला तो मात्र पुढच्या लाटेत. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ (एमकेसीएल) स्थापन झाले आणि ठिकठिकाणी त्याच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाची केंद्रे निघाली. २०११ पासून ‘संग्राम’ प्रकल्पातून ग्रामपंचायतींत संगणक आले. दुधी रंगाची कॅबिनेटे, अवजड सीआरटी मॉनिटर, कर्कश आवाजाचे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि टाइपिंगच्या वर्गांत वर्षानुवर्षे बडवले गेलेले टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड आज माळ्यावर किंवा भंगाराच्या ढिगात सापडतात. संग्राहकाच्या ‘जुन्या’त आणि गावाच्या ‘जुन्या’त वीस-पंचवीस वर्षांचे अंतर असले, तरी प्लॅस्टिक बहुधा एकच असते.

ते प्लॅस्टिक म्हणजे एबीएस. अ‍ॅक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाइन आणि स्टायरीन या तीन घटकांच्या आद्याक्षरांवरून त्याला हे नाव मिळाले. अ‍ॅक्रिलोनायट्राइल त्याला रसायनांपुढे टिकवतो, स्टायरीन ताठपणा आणि तकाकी देतो आणि ब्युटाडाइनचे रबरासारखे बारीक कण आघात पचवतात. म्हातारपण येते ते या तिसऱ्या घटकाला. ऊन, उष्णता आणि प्राणवायू यांच्या संगतीत ब्युटाडाइनचे ऑक्सिडीकरण होते, पृष्ठभाग पिवळा पडतो आणि प्लॅस्टिक ठिसूळ होते. आग लवकर पसरू नये म्हणून मिसळलेल्या ब्रोमीनयुक्त संयुगांकडेही पिवळेपणाचा दोष दिला जातो. १९९० च्या दशकातले काही अ‍ॅपल संगणक या ठिसूळपणासाठी इतके कुप्रसिद्ध झाले, की त्या वेळचे प्रमुख मायकेल स्पिंडलर यांच्या नावाने ‘स्पिंडलर प्लॅस्टिक’ असा शब्दच संग्राहकांत रूढ झाला. ती कवचे उघडताना हातातच तुटतात. सांधकामापूर्वी हे ध्यानात घ्यावे लागते, कारण तडा जिथे दिसतो तेवढेच प्लॅस्टिक दुबळे झालेले नसते, आजूबाजूचेही झालेले असते. त्यावर अतिबलवान सांधा घातला तर पुढच्या धक्क्याला सांधा टिकतो आणि त्याच्या शेजारी नवा तडा जातो.

म्हणून गोंदाच्या आधी प्लॅस्टिक ओळखायचे. भागाच्या आतल्या बाजूला दोन कोनी कंसांत अक्षरे उठवलेली असली तर काम सोपे होते. ही खुणांची पद्धत आंतरराष्ट्रीय मानक म्हणून १९९० च्या दशकात रुळली, त्यामुळे २००० नंतरच्या कॅबिनेटांवर ती बहुधा सापडते आणि १९८० च्या दशकातल्या यंत्रांवर बहुधा नसते. खूण नसेल तर आतून निघालेला एखादा कपचा पाण्यात टाकावा. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिइथिलीन पाण्यापेक्षा हलके असल्याने तरंगतात. एबीएस आणि पॉलिस्टायरीन यांची घनता १.०५ च्या आसपास असते, म्हणून ते साध्या पाण्यात बुडतात. मात्र भरपूर मीठ विरघळवलेल्या पाण्यात ते वर येतात. पीव्हीसी त्याही पाण्यात तळ गाठते. पॉलिकार्बोनेट सीमेवर असते आणि पाहणाऱ्याला फसवते. दुसरी कसोटी अ‍ॅसिटोनची. कापसाच्या काडीने आतल्या, न दिसणाऱ्या जागी एक थेंब टेकवला आणि पृष्ठभाग चिकट झाला तर ते एबीएस किंवा पॉलिस्टायरीन असते. काहीच झाले नाही तर पॉलिप्रॉपिलीनच्या कुळातले समजावे. पांढरी धूसर जाळी उमटली तर पॉलिकार्बोनेटचा संशय घ्यावा आणि अ‍ॅसिटोनची बाटली बंद करावी. तुकडा जाळून धुराच्या वासावरून प्लॅस्टिक ओळखण्याची जुनी रीत इथे टाळलेलीच बरी, कारण ब्रोमीनयुक्त प्लॅस्टिकचा धूर विषारी असतो.

ओळख पटली तरी एक अडचण राहते. रेडिओलहरींचा उपद्रव रोखण्यासाठी अनेक कवचांना आतून निकेल, तांबे किंवा अ‍ॅल्युमिनियमचा विद्युतवाहक थर दिलेला असतो. करड्या किंवा तांबूस रंगाचा हा थर साध्या रंगासारखा दिसतो. त्यावर लावलेला गोंद थराला चिकटतो, प्लॅस्टिकला नाही, आणि पहिल्याच ओढीला थरासकट सुटून येतो. सांध्याच्या पट्ट्यातला थर खरवडून काढावा लागतो आणि त्याची भुकटी मदरबोर्डवर सांडू द्यायची नसते, कारण ती वीज वाहून नेते. तसेच धुळीचे आणि तेलकटपणाचे. भांड्यांच्या साबणाने धुऊन, सावलीत वाळवून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलेला काठ हे कोणत्याही गोंदाचे पहिले भांडवल. हे अल्कोहोल आता मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात सहज मिळते.

एबीएसचे दोन काठ जोडण्याचा सर्वांत नैसर्गिक मार्ग म्हणजे गोंद न वापरता द्रावकाने ते एकमेकांत विरघळवणे. अ‍ॅसिटोन किंवा मिथाइल इथाइल कीटोन, म्हणजे एमईके, काठांवर लावले की वरचा थर मऊ होतो आणि त्याच्या रेणूंच्या साखळ्या मोकळ्या होतात. काठ दाबून धरले की दोन्हींच्या साखळ्या एकमेकींत गुंततात. द्रावक उडून गेल्यावर मध्ये परका पदार्थ उरत नाही, एबीएसचाच अखंड तुकडा तयार होतो. स्वच्छ, नीट बसणाऱ्या तड्यासाठी याहून चांगली पद्धत नाही. दोन्ही बाजू जुळवून, आतल्या बाजूने बारीक सुईच्या सिरिंजने द्रावक तड्यात सोडले की केशाकर्षणाने ते स्वतःच आत शिरते आणि बाहेरचा पोत अबाधित राहतो. सांधा काही मिनिटांत धरतो, पण खरी ताकद यायला एक-दोन दिवस लागतात. आत अडकलेले द्रावक हळूहळू बाहेर पडते आणि तोपर्यंत सांधा मऊच असतो.

केनवडच्या हवेत नेमकी इथेच गफलत होते. डायक्लोरोमिथेन हे पाश्चात्त्य पुस्तकांतले आवडते द्रावक ४० अंशांना उकळते, म्हणजे मेच्या दुपारी ते बाटलीत उकळण्याच्या बेतात असते आणि सुईच्या टोकाशी येईपर्यंत वाफ होते. त्याची वाफ शरीरालाही घातक आहे, त्यामुळे इथे त्याचा विचार सोडून द्यावा. अ‍ॅसिटोन ५६ अंशांना उकळते. ते उन्हाळ्यात चालते, पण काठ जुळवेपर्यंत वाळून जाते. एमईके ८० अंशांना उकळते आणि विदर्भाच्या उन्हाळ्यासाठी तेच बरे, फक्त ते तालुक्याच्या ठिकाणी मिळण्याची खात्री नसते. पावसाळ्यात तक्रार उलट असते. द्रावक उडताना पृष्ठभागाची उष्णता ओढून घेते, थंड झालेल्या प्लॅस्टिकवर हवेतली वाफ जमते आणि सांधा दुधाळ पांढरा, आतून कच्चा राहतो. द्रावक जितके चपळ तितका हा दोष मोठा, म्हणून अ‍ॅसिटोनवर तो ठळक दिसतो. सोयीचा काळ हिवाळ्याचा. कार्तिक ते माघ या महिन्यांत, ऊन वर आल्यावर, द्रावकाचे काम सर्वांत सरळ होते. ज्याला निकड नाही त्याने दिवाळीनंतर हे काम हाती घेणे शहाणपणाचे.

काठ नीट जुळत नसतील, मधला कपचा हरवला असेल, तर नुसते द्रावक पुरत नाही. तेव्हा एबीएसचाच चीक करतात. त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे तासलेले कण झाकण असलेल्या काचेच्या बरणीत अ‍ॅसिटोनमध्ये रात्रभर ठेवले की सकाळी पातळ पिठल्यासारखा दाट द्राव मिळतो. तो फटीत भरून, वाळल्यावर पुन्हा थर देऊन, शेवटी पॉलिश कागदाने घासता येतो. थर पातळ असावेत, जाड थरात बुडबुडे राहतात आणि तो आक्रसतो. युरोपात लोक यासाठी लेगोचे ठोकळे विरघळवतात. इथे तुटक्या कॅबिनेटचा पुढचा मुखवटा भंगारवाल्याकडे वजनावर मिळतो आणि रंगही जवळचा असतो. त्याहून चांगले म्हणजे त्याच यंत्राच्या आतल्या एखाद्या निरुपयोगी बरगडीचे कण, कारण ते उन्हापासून दूर राहिलेले असतात. मात्र यंत्र पिवळे पडले असेल तर चिकाचा पट्टा फिका उठून दिसतो. २००८ पासून प्रचलित झालेल्या, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाशाने प्लॅस्टिक उजळवण्याच्या पद्धतीचा विचार असेल, तर सांधकाम आणि उजळवणी यांचा क्रम आधी ठरवावा. बहुतेक कारागीर आधी सांधतात, म्हणजे तडा रुंदावत नाही आणि रंगही एकदाच जुळवावा लागतो.

गावात सहज हाताशी असलेल्या द्रावकी वस्तू चार, आणि चारही या कामाला कमी-अधिक चुकीच्या. शेतीच्या दुकानात मिळणारे पीव्हीसी पाइपचे सोल्युशन एबीएसला चिकटते खरे, कारण त्यात एमईके, टेट्राहायड्रोफ्युरान आणि सायक्लोहेक्झानोन यांच्यासारखी द्रावके असतात. पण त्यात विरघळलेली राळ पीव्हीसीची असते. सायक्लोहेक्झानोन १५५ अंशांच्या आसपास उकळते, म्हणून ते दिवसेंदिवस आतच राहून पातळ कवचाला वाकवते. पाइपाच्या जाड भिंतीला जे सोसते ते अडीच-तीन मिलिमीटरच्या कवचाला सोसत नाही. रंगाच्या दुकानातला थिनर हे अनेक द्रावकांचे अनिश्चित मिश्रण असते आणि दर डब्यागणिक वेगळे वागते. तिसरा गावठी उपाय म्हणजे पेट्रोलमध्ये थर्माकोल विरघळवून केलेला गोंद. त्यातून मिळते ते पॉलिस्टायरीन. एबीएसवर त्याची पकड वरवरची असते, आणि पेट्रोलची उघडी वाटी घरात ठेवण्याचा धोका त्या पकडीच्या मानाने फार मोठा. नेलपॉलिश काढायच्या द्रवात अ‍ॅसिटोन असले तरी तेल आणि सुगंधही असतात, त्यामुळे तो सांध्यात सोडण्याजोगा नाही.

यानंतर येतो फेविक्विक. साइनोअ‍ॅक्रिलेट गोंदाचा शोध १९४२ मध्ये ईस्टमन कोडक कंपनीत हॅरी कूव्हर यांच्या हातून लागला आणि १९५८ मध्ये तो बाजारात आला. आज पाच रुपयांच्या ट्यूबमुळे तो किराणा दुकानात मिठाइतका सुलभ आहे आणि म्हणूनच संगणकांवर त्याचा सर्वाधिक गैरवापर होतो. पृष्ठभागावरच्या ओलाव्याने तो क्षणात घट्ट होतो, पण घट्ट झाल्यावर काचेसारखा ताठ असतो. सरळ ओढ तो चांगली सोसतो. सोलणारी ओढ आणि धक्का त्याला सोसत नाही. मुखवट्याच्या लवचीक खुंट्या, वाकणारी झाकणे, स्क्रूचे खांब या जागी तो महिन्या-दोन महिन्यांत कडकन सुटतो आणि काठावर कडक पापुद्रा सोडून जातो. मग त्यावर दुसरा कोणताही गोंद नीट बसत नाही. पावसाळ्यात, बंद खोलीत, त्याची वाफ आजूबाजूच्या प्लॅस्टिकवर बसून पांढरा धूर उमटवते. दुधी कॅबिनेटवर ते खपून जाते, काळ्या कीबोर्डवर नाही. खाण्याचा सोडा टाकून त्याला भराव म्हणून वापरण्याची युक्ती झटपट दिसते. तयार होणारा दगडी गोळा घासता घासता मूळ प्लॅस्टिक झिजते, पण तो झिजत नाही. तो काढायला लागणारे अ‍ॅसिटोन एबीएसलाही खाते, म्हणजे परतीची वाट बंद. फेविक्विकची खरी जागा लहान आहे. तुकडे जुळवून दोन-तीन ठिकाणी ठिपके देऊन ते स्थिर करायचे आणि मुख्य सांधा दुसऱ्या गोंदाने घालायचा, इतकेच त्याच्याकडून घ्यावे.

ताकद आणि भराव दोन्ही हवे असतील तिथे दोन नळ्यांचा इपॉक्सी लागतो. भारतात त्याला घरोघरी अरल्डाइट म्हणूनच ओळखतात. राळ आणि कठीणक सम प्रमाणात मिसळल्यावर रासायनिक जाळे विणले जाते आणि तो पुन्हा वितळत नाही. एबीएसला तो विरघळवत नाही, फक्त धरून ठेवतो, म्हणून काठ खरखरीत घासून घेणे भाग असते. मोडलेल्या स्क्रूच्या खांबासाठी मात्र तोच उत्तम. जुन्या कॅबिनेटांत आणि मॉनिटरांत सर्वांत जास्त मोडतात ते हेच खांब, कारण स्क्रू पुन्हापुन्हा पिळले गेलेले असतात आणि वजन त्यांच्यावरच येते. मूळ खांब जागेवर बसवून बाहेरून बारीक नळीचे कडे चढवावे आणि मधली जागा इपॉक्सीने भरावी. स्क्रूला आधी मेण लावून ठेवले तर तो आत अडकत नाही. सपाट भेगेवर आतल्या बाजूने काचतंतूच्या कापडाची पट्टी इपॉक्सीत बसवली तर मॉनिटरचे मागचे कवचही उभे राहते. घट्ट होईपर्यंत सगळे धरून ठेवायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या आणि कपड्यांचे चिमटे पुरतात. पीव्हीसीची विजेची टेप दिवसचे दिवस गुंडाळून ठेवू नये. तिच्यातले मऊपणा देणारे तेल झिरपून एबीएसवर डाग आणि वळ उमटवते.

इपॉक्सीच्या वेष्टनावरची वेळ साधारण २५ अंशांची असते. तापमान १० अंशांनी वाढले की अशा रासायनिक क्रियांचा वेग अंदाजे दुप्पट होतो. म्हणजे ‘पाच मिनिटांचा’ इपॉक्सी उन्हाळ्याच्या दुपारी दोन मिनिटांत हातात गोळा होतो. इथे सावकाश बसणारा प्रकार घ्यावा आणि मिश्रण पसरट झाकणात थोडे थोडे करावे, कारण खोल वाटीत तो स्वतःच्या उष्णतेने आणखी भडकतो. दुसरी मर्यादा कमी जणांना ठाऊक असते. खोलीच्या तापमानाला बसलेले बहुतेक घरगुती इपॉक्सी ५० ते ६० अंशांच्या पट्ट्यात मऊ पडू लागतात. पत्र्याखालच्या बंद खोलीत उन्हाळ्याच्या दुपारी ती पातळी फार लांब राहत नाही, म्हणून ओझे पेलणारा सांधा नुसत्या गोंदाच्या भरवशावर सोडू नये, त्याला कड्याचा किंवा पट्टीचा आधार द्यावा. मळून लावायची एम-सीलची वडी त्याच कुळातली आहे. तुटून हरवलेला आतला आधार घडवायला ती सोयीची, बाहेरच्या दर्शनी भागावर ओबडधोबड दिसते. सूर्यप्रकाशात इपॉक्सी पिवळा पडतो, ही गोष्ट दुधी यंत्रावर क्वचित खटकते आणि पारदर्शक झाकणावर लगेच.

संग्रहालयांच्या जगात एक वेगळेच नाव आदराने घेतले जाते: पॅरालॉइड बी-७२. ही अ‍ॅक्रिलिक राळ अ‍ॅसिटोनमध्ये विरघळते, वर्षानुवर्षे पिवळी पडत नाही आणि केव्हाही पुन्हा विरघळवून सांधा उघडता येतो. मातीची आणि काचेची भांडी सांधणाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून ती गोंद म्हणून उचलून धरली. केनवडच्या दृष्टीने तिच्यात एक मोठा दोष आहे. तिचे काच-संक्रमण तापमान, म्हणजे ताठ राळ ज्या तापमानाला मऊ होऊ लागते ते, ४० अंशांच्या आसपास आहे. लंडनच्या कपाटात जो सांधा शंभर वर्षे राहील, तो इथे एका उन्हाळ्यात हळूहळू घसरतो. शिवाय तिचे अ‍ॅसिटोन एबीएसला बाधते. तेव्हा इथे तिचा उपयोग धातूच्या नामपट्ट्या, कागदी लेबले आणि भार नसलेल्या किरकोळ भागांपुरता मर्यादित राहतो. पण तिच्यामागचे तत्त्व इथेही लागू पडते. पुढे कधीतरी कोणाला तो सांधा उघडावा लागेल, हे गृहीत धरून गोंद निवडायचा.

लवचीक जोडाची गरज नेमकी कुठे असते, हे धातूच्या पट्ट्यांवरून समजते. झेडएक्स स्पेक्ट्रमचा अ‍ॅल्युमिनियमचा दर्शनी पत्रा कारखान्यातच दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बसवलेला असे. तापमान बदलले की एबीएस अ‍ॅल्युमिनियमपेक्षा तीन-चार पट फुगते आणि आक्रसते. ३० सेंटीमीटर लांबीच्या पट्टीत ३० अंशांच्या फरकाने दोन्हींमध्ये सुमारे अर्धा मिलिमीटर तफावत पडते. पौषातली पहाट आणि वैशाखातली दुपार यांत त्याहून जास्त फरक असतो. इथे ताठ इपॉक्सी किंवा फेविक्विक वापरला तर पट्टीचे टोक उचलले जाते किंवा प्लॅस्टिक वाकते. पातळ, चांगल्या प्रतीची अ‍ॅक्रिलिक दुहेरी टेप दोन्ही हालचाली सामावून घेते. रबरी पायांसाठी फेविबाँडसारखा संपर्क गोंद योग्य. तो दोन्ही पृष्ठभागांवर लावून, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबून, मगच दाबायचा असतो, आणि बहुतेक जण ती वाट न पाहता त्याला दोष देतात. पांढरा फेविकॉल १९५९ पासून लाकूडकामात सरसाची जागा घेत आला आहे. पण त्याला घट्ट होण्यासाठी पाणी शोषून घेणारा पृष्ठभाग लागतो आणि प्लॅस्टिक पाणी शोषत नाही, त्यामुळे जुन्या संगणकाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यापलीकडे त्याला काम नाही.

सिलिकॉनच्या बाबतीत वास हीच कसोटी. घट्ट होताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन अ‍ॅसेटिक आम्ल सोडते आणि तांब्याला गंज चढवते. बाथरूमच्या फटींसाठी विकले जाते ते बऱ्याचदा हेच. सर्किटच्या जवळ फक्त उदासीन प्रकार वापरावा. गरम बंदुकीतला गोंद वायरी जागेवर धरायला ठीक, काढायचा झाल्यास अल्कोहोलचे दोन थेंब कडेला सोडले की निघून येतो. कवच सांधायला मात्र तो निरुपयोगी, कारण उष्णतेत तो कवचाच्या आधी मऊ पडतो.

नवा गोंद लावण्याआधी कारखान्याचा जुना गोंद तपासणे मॉनिटर, वीजपुरवठा आणि प्रिंटर यांच्यात फार महत्त्वाचे आहे. १९८० आणि १९९० च्या दशकांत मोठे कपॅसिटर हलू नयेत म्हणून बोर्डावर पिवळसर क्लोरोप्रीन रबराचा गोंद ओतत. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो तपकिरी, मग काळा होतो, वीज वाहू लागतो आणि शेजारच्या तारांना गंजवतो. यंत्र अधूनमधून बंद पडते, कपॅसिटर बदलून काही होत नाही, आणि दोष त्या निरुपद्रवी दिसणाऱ्या डागात असतो. तो लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या काडीने, अल्कोहोल लावून, धीराने खरवडावा. सीआरटी मॉनिटरच्या आत मात्र अननुभवी माणसाने हात घालू नये. रंगीत नळीवर २०,००० व्होल्टच्या पुढचा दाब असतो आणि बंद केल्यानंतरही तो काही काळ नळीत टिकून राहतो.

काही भागांवर गोंद चालतच नाही, आणि ते मान्य केले की बराच वेळ वाचतो. पॉलिप्रॉपिलीनचे बिजागर, प्रिंटरमधली अ‍ॅसिटलची दंतचक्रे, फ्लॉपी ड्राइव्हमधले चिकट झालेले रबरी पट्टे यांवर नेहमीचा कोणताही गोंद टिकत नाही. पॉलिप्रॉपिलीनसाठी वेगळा प्रायमर मिळतो, तो लावूनही वाकणारा बिजागर सांधला जात नाही. दंतचक्राचा तुटलेला दात चिकटवला तर पहिल्याच पानाला तो निघतो आणि शेजारचे दोन दात घेऊन जातो. तिथे दुसऱ्या मृत यंत्राचा सुटा भाग किंवा थ्रीडी छपाईने केलेला नवा भाग हाच उपाय. बंद पडलेली यंत्रे म्हणूनच मोडून विकण्याआधी एकदा उघडून पाहावीत. पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक झाकणांना द्रावक लावू नये, जाळी उमटते. पाट्या बनवणारे अ‍ॅक्रिलिक जोडायला क्लोरोफॉर्म वापरतात, ती सवय संगणकाच्या झाकणावर आणू नये.

धोक्याचा विषय थोडक्यात पण स्पष्ट सांगायला हवा. अ‍ॅसिटोन उणे २० अंशांनाही पेट घेऊ शकेल एवढी वाफ सोडते. स्वयंपाकघरात, उदबत्तीजवळ, गॅस चालू असताना ते उघडू नये. पंखा पाठीमागून असावा, खिडकी समोर उघडी असावी. पावसाळ्यात दारे बंद करून काम करण्याचा मोह होतो, आणि नेमके तेव्हाच फेविक्विकची वाफ डोळ्यांना झोंबते. फेविक्विक सुती कापडावर सांडला तर चटका बसण्याइतका तापतो. सोल्डरिंग आयर्नने प्लॅस्टिक वितळवून जोडण्याची पद्धत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत चालते. आतल्या बाजूला जाळी बसवून ती काही वेळा चांगली साधते, पण एबीएसचा धूर छातीत जाऊ देण्यासारखा नाही. ते काम अंगणात करावे.

थोडक्यात ज्याला एकच संच जवळ ठेवायचा आहे, त्याने अ‍ॅसिटोनची बाटली, त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे कण, सावकाश बसणारा इपॉक्सी, अ‍ॅक्रिलिक दुहेरी टेप आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल एवढे जमवावे. यांतून दुधी रंगाच्या यंत्रांचे बहुतेक सांधे होतात. फेविक्विक थंड, कोरड्या जागी ठेवावा आणि त्याचा विचार अर्थातच शेवटी करावा. सांधा पुरा झाल्यावर गोंदाचे नाव आणि महिना-वर्ष लिहिलेली एक चिठ्ठी आतल्या कोपऱ्यात, हवेची वाट न अडवता, टेपने लावून ठेवावी. पुढचा दुरुस्ती करणारा माणूस अ‍ॅसिटोन कुठे लावायचे आणि कुठे नाही, हे तिच्यावरूनच ठरवेल.